लांबचा प्रवास आणि मागच्या सीटवरची मुले: नागपूरहून गाडीने निघणाऱ्या पालकांसाठी

नागपूर देशाच्या मध्याजवळ आहे याचा आपल्याला अभिमान असतो. मात्र त्याचा एक तोटा असा की समुद्र, मोठा डोंगर आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक यांपैकी काहीही इथून जवळ नाही. दिवाळीत किंवा मे महिन्यात गाडी काढायची म्हटली की सहा ते बारा तासांचा हिशेब धरावा लागतो, आणि हे तास मुलांनी मागच्या सीटवर पट्टा लावून बसून काढायचे असतात. ज्यांनी नुकतीच गाडी घेतली आहे किंवा जे मुलांना पहिल्यांदाच इतक्या लांब नेत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातील बहुतेक गोष्टी आम्ही चुकत चुकत शिकलो असल्याने त्या चुकांचा उल्लेखही ओघाने येईल.

आमच्या पहिल्या लांबच्या प्रवासात "बाबा, आलं का?" हा प्रश्न बुटीबोरी येण्याच्या आधीच आला. अजून साडेसहा तास जायचे होते. आम्ही घाबरून खेळण्यांची पिशवी उघडली आणि ती वर्ध्यापर्यंत संपली. त्या दिवशी जे लक्षात आले ते असे, की मूल अंतराला कंटाळत नाही. किती गेले आणि किती उरले हे त्याला कळत नाही म्हणून ते कंटाळते. मोठ्यांना रस्त्यावरच्या पाट्या वाचता येतात, घड्याळ कळते, कारंजा गेले म्हणजे बरेच मागे पडले हे ठाऊक असते. पाच वर्षांच्या मुलाला यातले काहीच ठाऊक नसते, म्हणून ते दर दहा मिनिटांनी आपल्यालाच विचारते. तेव्हा खेळण्यांच्या खरेदीआधी मुलांच्या हाती प्रवासाचा हिशेब देण्याची तयारी करावी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: निघण्याची वेळ

उन्हाळ्यात पहाटे पाचच्या आत निघावे. नागपूरचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि दुपारी बारानंतर पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळच्या मुलावर ऊन थेट येऊ लागते. मग वातानुकूलन कितीही वाढवले तरी चिडचिड थांबत नाही. पहाटे निघण्याचा दुसरा लाभ असा की मुले अर्धवट झोपेतच गाडीत येतात आणि सातपर्यंत झोपतात, म्हणजे पहिले दीडशे किलोमीटर कोणत्याही करमणुकीविना सरतात. रात्रभर गाडी चालवून मुलांना झोपेतच पोहोचवण्याची युक्ती अनेक जण सुचवतात, परंतु ती आम्हाला पटत नाही, कारण मुले झोपतात तेव्हा चालकालाही झोप येते, आणि समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर तर ती अधिकच येते.

आदल्या रात्री मुलांना आठनंतर गोड खाऊ देऊ नये आणि कपडे प्रवासाचेच घालून झोपवावे. पहाटे साडेचारला जीन्सची पँट चढवताना होणारे रडणे पुढच्या तासाभराचा सूर ठरवते.

दुसरी पायरी: रस्त्याची पट्टी

या लेखातील एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. जुन्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे एक पान घेऊन त्याच्या कोऱ्या बाजूच्या चार बोटे रुंदीच्या उभ्या पट्ट्या कापाव्यात आणि त्या एकापुढे एक चिकटवून हातभर लांब पट्टी करावी. तिच्या मधोमध रस्ता काढून एका टोकाला आपले घर आणि दुसऱ्या टोकाला मामाचे किंवा आत्याचे घर काढावे. दर पन्नास किलोमीटरला एक आडवी रेघ मारावी. मग वाटेतली गावे, नद्या आणि पाहण्याजोग्या जागा मुलांकडूनच लिहून घ्याव्यात. लिहिता येत नसेल तर चित्र काढू द्यावे. कपडे वाळत घालण्याचा एक चिमटा ही आपली गाडी. प्रत्येक गाव मागे पडले की मुलाने चिमटा एक घर पुढे सरकवायचा.

उदाहरणादाखल छत्रपती संभाजीनगरची पट्टी पाहू. समृद्धी महामार्ग नागपूरजवळ शिवमडक्याला सुरू होतो, म्हणून तिथे शून्य लिहावे. पुढे सेलडोह, मग येळाकेळी. इथून वर्धा जवळ आहे आणि वर्ध्यालगतच्या सेवाग्रामला गांधीजी १९३६ पासून राहू लागले होते, हे मोठ्या मुलाला सांगता येते. त्यानंतर वर्धा नदीचा पूल येतो. नदीपलीकडे अमरावती जिल्हा, म्हणजे वऱ्हाड सुरू होते, आणि आमच्याकडे हा पूल ओलांडताना "वऱ्हाड आलं" असे मोठ्याने ओरडण्याची प्रथा पडली आहे. पुढे धामणगाव, कारंजा लाड, शेलूबाजार आणि मेहकर. मेहकरला उतरून लोणारला जाता येते; तिथले सरोवर उल्का आदळून तयार झालेल्या विवरात आहे, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, आणि आकाशातून दगड पडून एवढा खड्डा झाला या एका वाक्यावर सात वर्षांचे मूल अर्धा तास प्रश्न विचारू शकते. मग सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मगाव, त्यानंतर जालना, आणि शेवटी मुक्काम. पुढे मुंबईपर्यंत जायचे असेल तर पट्टी सातशे किलोमीटरची होते. तिच्या शेवटच्या भागात इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा अवश्य काळा रंगवावा, कारण मुले त्याची वाट आदल्या दिवसापासून पाहतात.

मोबाइलवर नकाशा असताना हा उपद्व्याप कशासाठी, असे आमच्या घरातील एका वडीलधाऱ्यांनी विचारले होते. मोबाइलच्या नकाशावरचा ठिपका मुलाला सरकताना दिसत नाही, आणि तो मोबाइल चालकासमोर असतो. चिमटा मुलाच्या हातात असतो, आणि तो सरकवण्याचा मान त्याचा असतो. "आणखी किती राहिलं?" असे कोणी विचारले की उत्तर आपण न देता "पट्टी पाहून तूच सांग" एवढेच म्हणावे. दुसऱ्या प्रवासापासून हा प्रश्न आमच्या गाडीत मुले आम्हाला नव्हे, तर आम्ही मुलांना विचारू लागलो.

वेळेचे मापही मुलांच्या जगातले असावे. नऊ तास म्हणजे किती, हे त्यांना कळत नाही; परंतु "दोन वेळा पूर्ण शाळा भरून सुटेल एवढा वेळ" हे लगेच कळते.

तिसरी पायरी: मागच्या सीटची मांडणी

करमणुकीआधी पट्टा. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा त्याच्या वयाला योग्य अशी बालआसन-व्यवस्था न लावता गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब अन्वये एक हजार रुपये दंड आहे. मात्र दंडाची भीती हे पट्टा लावण्याचे खरे कारण नव्हे. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसलेले मूल अपघातात आई आणि एअरबॅग यांच्यामध्ये सापडते. आपल्या हातांनी आपण त्याला धरून ठेवू हा समज शंभरच्या वेगात खरा ठरत नाही. छतावरच्या काचेतून मुलांना उभे करून वारा खाऊ देण्याची नवी हौसही याच कारणाने टाळावी. मागच्या दारांची बालकुलुपे निघण्याआधी तपासावीत.

मुलाला खिडकीबाहेर दिसले पाहिजे, नाहीतर पुढे सांगितलेले सर्व खेळ निष्फळ ठरतात. लहान मुलाचे डोळे काचेच्या खालच्या कडेपाशीच राहत असतील तर उंची देणारे बूस्टर आसन घ्यावे. उशी ठेवून काम भागवू नये, कारण ती पट्ट्याखालून सरकते.

प्रत्येक मुलाला स्वतःची एक छोटी पिशवी द्यावी आणि ती त्यानेच भरावी. त्या पिशवीत काय नसावे हे अधिक महत्त्वाचे आहे. टोकदार पेन्सिली आणि जड, कठीण खेळणी नकोत, कारण अचानक ब्रेक लागला तर ती भिरकावली जातात. मेणाचे खडूही नकोत. आमचा चोवीस रंगांचा नवा डबा एका मे महिन्यात मागच्या काचेखालच्या फळीवर राहिला होता. जेवून परत येईपर्यंत त्याचे एकच तपकिरी सरोवर झाले होते, आणि त्यातील एक ओहोळ सीटच्या शिवणीत गेला तो आजही तिथेच आहे. रंगवायचे असेल तर लाकडी रंगीत पेन्सिली बोथट करून द्याव्यात, किंवा चिकटणारी चित्रे आणि एक पाठपुठ्ठा पुरेसा आहे.

दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी आमचे सर्वांत यशस्वी खेळणे म्हणजे कणकेचा गोळा. नेहमीपेक्षा किंचित घट्ट मळून, तेलाचा हात लावून तो स्टीलच्या डबीत ठेवावा. त्याचे साप होतात, लाडू होतात, बाबांचे नाक होते. उन्हाळ्यात तो चार तासांत आंबतो, म्हणून दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर त्याचा निरोप घ्यावा.

चौथी पायरी: पहिला तास मोकळा ठेवावा

नव्या पालकांची हमखास होणारी चूक म्हणजे निघाल्याबरोबर करमणूक सुरू करणे. मुले पहिल्या तासात आपोआप आनंदी असतात. गाडी निघाली हीच त्यांची करमणूक असते. तेव्हा काहीही काढू नये. घराच्या दारातच ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि तो शून्य केल्याचे मुलांना दाखवावे. वाट सीताबर्डीवरून जात असेल तर झिरो माइलच्या चार घोड्यांना हात करून निघण्याची रीत घालता येते. इतके पुरे. खेळ आणि खाऊ यांचा साठा हा पाण्याच्या टाकीसारखा असतो. सकाळी नळ सोडून ठेवला की दुपारी कोरड पडते.

पाचवी पायरी: खेळ

खेळ निवडताना एकच कसोटी लावावी: मुलाची नजर गाडीबाहेर जाते की मांडीवर? बाहेर नेणारे खेळ आधी खेळावेत. त्यांनी वेळ तर जातोच, शिवाय मळमळही कमी होते.

गाड्यांच्या क्रमांकाचा खेळ विदर्भातील मुलांसाठी जणू मुद्दाम तयार केलेला आहे. एमएच २७ पासून एमएच ३७ पर्यंतचे अकरा क्रमांक म्हणजे विदर्भाचे अकरा जिल्हे. २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला, ३१ नागपूर, ३२ वर्धा, ३३ गडचिरोली, ३४ चंद्रपूर, ३५ गोंदिया, ३६ भंडारा आणि ३७ वाशीम. हे अकरा आकडे कागदावर लिहून द्यावेत आणि दिसेल तसा आकडा खोडायला सांगावा. जो पहिला दिसलेला क्रमांक ओरडेल त्याचा तो जिल्हा. नागपूर ग्रामीणची ४० आणि पूर्व नागपूरची ४९ हे जोडपत्ते म्हणून ठेवता येतात. बहुतेक आकडे दोन तासांत मिळतात, परंतु ३३ साठी, म्हणजे गडचिरोलीसाठी, पश्चिमेच्या रस्त्यावर फार तिष्ठावे लागते, आणि त्या प्रतीक्षेतच खेळाची खरी गंमत आहे. एकदा आम्हाला ती गाडी जेवणाच्या थांब्यावर शेजारीच उभी दिसली आणि आमच्या धाकट्याने त्या अपरिचित काकांना "तुमच्यामुळे मी जिंकलो" असे सांगून चकित केले.

वाट छिंदवाड्याकडे किंवा शिवनीकडे असेल तर अक्षरे बदलतात, आणि एमएच २८ बुलढाण्याचा तर एमपी २८ छिंदवाड्याचा हे कळले की मुले अक्षरेही वाचू लागतात. ज्यांना आकडे अजून येत नाहीत त्यांना पाटीचा रंग द्यावा: पांढरी खासगी, पिवळी भाड्याची, हिरवी विजेवर चालणारी. हिरव्या पाटीला पाच गुण असावेत. बीएच अक्षरांची पाटी, जी २०२१ पासून देण्यास सुरुवात झाली, तिला दहा.

आठ वर्षांवरील मुलाला याहून वरचा खेळ हवा असतो. त्याच्या हाती सेकंद दाखवणारे घड्याळ द्यावे आणि एका किलोमीटरच्या पाटीपासून पुढच्या पाटीपर्यंत किती सेकंद लागले ते मोजायला सांगावे. ३६०० ला त्या सेकंदांनी भागले की गाडीचा ताशी वेग मिळतो. ३६ सेकंद लागले तर वेग शंभर, ४० लागले तर नव्वद, ४५ लागले तर ऐंशी. समृद्धीवर सपाट भागात मोटारींची कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, म्हणजेच ३० सेकंदांच्या आत किलोमीटर सरला तर चालकाने नियम मोडला. आमच्याकडे अशा गुन्ह्याला एक आइसक्रीम दंड आहे. मुलगी सातवीत जाईपर्यंत तिला भागाकाराचा सराव वेगळा द्यावा लागला नाही, आणि तिच्या वडिलांचा वेगही आटोक्यात राहिला; या दोन्हीपैकी कोणता लाभ मोठा हे मी ठरवू शकलेले नाही.

किलोमीटरच्या दगडाच्या माथ्याचा रंगही सांगावा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर खेड्याचा रस्ता. वळण घेतल्यावर रंग बदलला हे प्रथम कोण पाहतो, एवढीच चुरस पुरते.

शेते ओळखण्याचा खेळ ऋतूनुसार बदलतो. दिवाळीच्या सुमारास पश्चिमेकडे पऱ्हाटी पांढरी फुटलेली असते आणि मध्ये तुरीची तासे उभी असतात. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या वाटेवर धानाच्या बांध्या लागतात. काटोल, वरुड किंवा सौंसरच्या रस्त्याला संत्र्यांच्या बागा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस मोजावेत, मे महिन्यात बहाव्याची पिवळी झाडे. मुलांनी आधी ओळखायचे आणि मग थांब्यावर तिथल्या माणसाला विचारून खरे-खोटे करायचे, असा नियम ठेवल्यास मुले अनोळखी माणसाशी नीट बोलायलाही शिकतात.

उत्तरेकडे जबलपूरच्या वाटेने जात असाल तर मनसर सोडल्यावर मुलांना जागे ठेवावे. मनसर ते खवासा या पट्ट्यात महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो आणि वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून तो नऊ ठिकाणी उचलून घेतलेला आहे. त्या पुलांखालून वाघ जाताना कॅमेऱ्यांत टिपलेही गेले आहेत. आपण वर आणि वाघ खाली, ही कल्पना कोणत्याही चित्रफितीपेक्षा अधिक काळ टिकते. नऊ पूल मोजण्याचे काम मुलांवर सोपवावे.

अंधार पडला किंवा बाहेर पाहण्यासारखे उरले नाही की तोंडी खेळ. गाण्यांच्या भेंड्या सर्वांना येतातच. गावांच्या भेंड्या मात्र लहानांना मोठ्यांच्या बरोबरीला आणतात. नागपूर, रामटेक, काटोल, लोणार, राळेगाव, वरुड असे चालते आणि वरुडनंतर "ड" वर सर्वांचीच गाडी अडते. जुनी कोडी आजीला विचारून घ्यावीत: "सुपभर लाह्या, त्यात एक रुपया" हे चांदण्या दिसत असताना घातले तर लहान मूलही सोडवते, आणि "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" याचे उत्तर त्याच्याच तोंडात असते. आजी-आजोबा गाडीत असतील तर त्यांना प्रश्नकर्त्याची जागा द्यावी. आपल्याहून त्यांच्याकडे साठा मोठा असतो आणि घाईही नसते.

सहावी पायरी: खाणे आणि गाडी लागणे

पोट बिघडलेल्या मुलापुढे कोणताही खेळ चालत नाही, म्हणून हा भाग करमणुकीबाहेरचा समजू नये. गाडी लागण्याचे कारण असे की कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय शरीर हलत असल्याचे सांगते, परंतु डोळे पुस्तकावर किंवा पडद्यावर खिळलेले असल्याने ते शरीर स्थिर असल्याचे सांगतात, आणि या विसंगतीने मळमळते. दोन ते बारा वर्षे या वयात हा त्रास विशेष असतो. चिखलदऱ्याला जाताना परतवाड्यानंतर, किंवा पचमढीच्या वाटेवर तामियाच्या आसपास, घाट सुरू होण्यापूर्वीच पुस्तके, चित्रे आणि मोबाइल आत ठेवावेत, काच थोडी खाली करावी आणि मुलाला दूरचा डोंगर पाहायला लावावे. ज्याला हमखास त्रास होतो त्याच्यासाठी डॉक्टरांना विचारून औषध न्यावे. ही औषधे बहुधा निघण्यापूर्वी घ्यावी लागतात. उलटी सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग नसतो. दोन जाड पिशव्या, एक ओला पंचा आणि कपड्यांचा एक जोड हाताशी असावा, डिकीत सर्वांत खाली नव्हे.

निघताना तर्री-पोहे खाणे हे मोठ्यांचे मंगलाचरण असेल. मुलांना मात्र त्या दिवशी तर्रीविना पोहेच द्यावेत. वाटेसाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मुरमुरे, केळी हे चांगले. चार-पाच वर्षांखालील मुलाला चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे किंवा गोळ्या देऊ नयेत, कारण एका धक्क्याने ते श्वासनलिकेत अडकू शकतात.

हंगाम असेल तर संत्रे हा खाऊही आहे आणि खेळही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलालाही ते सोलता येते. साल न तुटता एकाच लांब पट्ट्यात कोण काढतो, ही पहिली फेरी. सोललेले संत्रे मुठीत झाकून आत किती फोडी असतील ते प्रत्येकाने सांगायचे, ही दुसरी. आकडा बहुधा दहा-बाराच्या आसपास निघतो, परंतु मुले प्रामाणिकपणे पंचवीस सांगतात. बियांची तिसरी. एका संत्र्यात वीस मिनिटे जातात आणि गाडीला चांगला वास येतो. सालीसाठी पिशवी ठेवावी. खिडकीतून काही टाकायचे नाही हे इथेच शिकवून होते.

सातवी पायरी: थांबे

दर दोन तासांनी वीस मिनिटे, हे प्रमाण लहान मुलांसाठी ठीक आहे. समृद्धीवर मात्र वाटेल तिथे थांबता येत नाही, आणि कडेला गाडी उभी करणे अत्यंत धोक्याचे आहे. त्यामुळे पट्टी काढतानाच पेट्रोलपंप आणि खाण्याच्या सोयी असलेली ठिकाणे लाल रंगाने दाखवावीत आणि प्रत्येक ठिकाणी गरज असो वा नसो सर्वांना लघवीला नेऊन आणावे. "आत्ता नाही लागली" या उत्तरावर विश्वास ठेवून पुढे गेलेल्या पालकाला पुढचे पन्नास किलोमीटर फार लांब वाटतात.

थांब्यावर बसून राहू नये. मुले सीटवर बसूनच आलेली असतात. त्यांना पळू द्यावे. दोरीच्या उड्यांची दोरी पिशवीत मावते, आणि लंगडीला काहीच लागत नाही. गाडीपासून दूर, रहदारी नसलेली जागा पाहून एकाने मुलांपाशीच राहावे. आणि मुले झोपली आहेत म्हणून त्यांना बंद गाडीत सोडून चहाला जाणे, पाच मिनिटांसाठीही, कधीही करू नये. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते.

आठवी पायरी: मोबाइल

मोबाइल द्यायचाच नाही असा आग्रह मी धरणार नाही. बारा तासांच्या प्रवासात तो कुणी पाळल्याचे पाहिलेलेही नाही. प्रश्न केव्हा द्यायचा एवढाच आहे. सकाळी दिला तर बाहेरचे सगळे खेळ फिके पडतात. दुपारच्या जेवणानंतरचा, ऊन चढलेला, सर्वांनाच जड झालेला तास त्यासाठी राखून ठेवावा, आणि तो पट्टीवर आधीच लिहावा: "मेहकर ते सिंदखेडराजा, मोबाइल." मग मागणी आली की नकार आपण देत नाही, पट्टी देते. चित्रफिती घरीच उतरवून घ्याव्यात, कारण वाटेत काही पट्ट्यांत रेंज जाते. आणि पडद्याऐवजी गोष्टी ऐकवता आल्या तर उत्तमच. आपल्याच आजीच्या आवाजात चार गोष्टी आधी ध्वनिमुद्रित करून घेतल्या तर मुले त्या पुन्हा पुन्हा मागतात, आणि डोळे बाहेरच राहतात.

नववी पायरी: भांडणे

ती होतात. "ही माझ्या बाजूला आली" हा वाद आमच्याकडे सीटच्या मध्यावर लावलेल्या एका पिवळ्या चिकटपट्टीने बराच मिटला. खिडकीची अदलाबदल प्रत्येक थांब्यावर, न विचारता, ठरल्याप्रमाणे व्हावी. चालकाने मागे वळून न्याय करू नये. न्यायाधीश शेजारच्या सीटवर असतो. फारच वाढले तर पुढच्या सुरक्षित थांब्यावर गाडी उभी करून, शांत होईपर्यंत निघायचे नाही. यात पंधरा मिनिटे जातात, परंतु पुढच्या वेळी नुसते "थांबवू का?" पुरते.

शेवटचा तास आणि परतीचा प्रवास

शेवटचे साठ-सत्तर किलोमीटर सर्वांत कठीण असतात. त्यासाठी एक नवी, न दाखवलेली वस्तू राखून ठेवावी. ती महाग असण्याची गरज नाही, दहा रुपयांची भिंगाची काचही चालते. पट्टीच्या मागच्या बाजूला प्रत्येकाने पोहोचण्याची नेमकी वेळ लिहून सही करावी, आणि ज्याचा अंदाज जवळचा ठरेल त्याने दार उघडताच बेल वाजवावी. हा मान मुलांना बक्षिसापेक्षा मोठा वाटतो.

परतताना तीच पट्टी उलटी धरावी. जाताना दिसलेल्या आणि पट्टीवर नसलेल्या गोष्टी, जसे पाण्याच्या टाकीवर बसलेली माकडे किंवा जिथे उलटी झाली ते वळण, मुले स्वतःहून तिच्यात भरतात आणि ती पुढच्या वर्षीही कामी येते. चिमटे मात्र दोन न्यावेत. एक जालन्याच्या आधीच सीटखाली जातो.